पंगतीचे पांढरे पट्टे

शेवटचं साधं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते हे: बुढी भिंतीला दोन्ही हात टेकून पाठमोरी उभी होती आणि मी तिच्या नव्या साडीच्या बुडावरचा पांढरा पट्टा घासलेटच्या चिंधीनं पुसत होतो. बुढी म्हणजे माझी बायको. ती म्हातारी नव्हती तेव्हापासून मी तिला बुढी म्हणतो. तीही मला बुढाच म्हणायची, फक्त चारचौघांत ‘अवो’.

“हळू घासा ना. साडी फाटन.”

“साडी फाटन, पण पट्टा नाई निघत.”

“अवो, गुदगुल्या होऊन राह्यल्या मले!”

हसता हसता तिचं कपाळ भिंतीवर आपटायचं. मग एकदम थांबायची, मान वळवून विचारायची, “जातानी पोरीच्या सासरचे काही बोल्ले नाई. पोरीले टोचून बोलतीन का?”

“नाई बोलत.”

“तुमाले काय मालूम?”

मला काहीच मालूम नव्हतं. मी पुन्हा चिंधी घासायला लागायचो, तिला पुन्हा गुदगुल्या व्हायच्या. दिवस मावळेपर्यंत हेच चाललं. पट्टा काही गेला नाही, पसरला. आधी पट्टा होता, मग भाकरीएवढा गोल झाला.

तो पट्टा तिथं कसा गेला ते सांगतो. गंभीर तोंड करून सांगणं मला जमणार नाही. त्या दिवसाची आठवण आली की आजही हसू फुटतं. लोक म्हणतात, बायको मेली तरी बुढा हसतो. म्हणोत.

आम्ही रोडवरची माणसं. शाळा मी फार पाहिली नाही, मिसरूड फुटायच्या आधीच डांबराच्या कामावर लागलो. खड्डा चौकोनी कापायचा, झाडून घ्यायचा, पातळ डांबर मारायचं, गिट्टी आणि चुरी भरायची, वरून धुम्मस, म्हणजे जड लोखंडी ठोकणी, ठोकायची. पुढे रोडवर पांढरे पट्टे मारायचं काम मिळालं, ते मी आणि बुढी मिळून करायचो. त्याला दोन माणसं लागतात. सुतळी खडूच्या भुकटीत लोळवायची, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ताणायची, उचलून सोडायची. टप्प! डांबरावर सरळ रेघ उमटते. त्या रेघेला धरून ब्रश चालवायचा. सुतळी ताणताना आमचं रोज भांडण. ती म्हणायची मी ढिल्ली धरतो, मी म्हणायचो ती बैलासारखी ओढते. एकदा कळंबकडच्या रोडवर तिनं एवढी ओढली की सुतळी तुटली आणि ती नालीत जाऊन बसली. बसल्या जागेवरून म्हणते कशी, “पाहा, जोर कोणाच्या टोकाले हाये!”

आम्हाला लेकरू नव्हतं. बुढीची धाकटी बहीण बाळंतपणानंतर गेली, तिची रांगती पोरगी बुढीनं कडेवर घेऊन घरी आणली. ती पोरगी बुढीला मावशी म्हणायची आणि मला मावसाजी, पण वाढली ती आमचीच होऊन. डांबराच्या ड्रमाच्या सावलीत झोपलेली पोरगी. तिचं लग्न ठरलं तो हा काळ.

काळ कसा होता? कापसाला कोणी विचारत नव्हतं. महागावच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. गाडीवान तिथंच स्वयंपाक करायचे, तिथंच झोपायचे आणि भाव ऐकून गाडी वळवून घरी आणायचे. लोकांनी घरं कापसानं भरली. कोणाच्या न्हाणीत कापूस, कोणाच्या देवाच्या खोलीत कापूस. घरात मावेना तेव्हा शाळेच्या पटांगणात गंजी लागल्या. आमच्या शाळेचं पटांगण डांबरी. गावाचा रस्ता झाला तेव्हा उरलंसुरलं डांबर ठेकेदारानं तिथं पसरवलं होतं. आणखी एक सांगतो आणि पुढं जातो. त्या वर्षांत आमच्या भागात माणसं एका दारात जमली की बहुतेक मयतीलाच जमायची. म्हणून लग्न म्हटलं की गाव तहानेल्यासारखं यायचं.

पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या दारात झालं. नवरदेवाकडून बोलणारा माणूस एकच, त्याचे मोठे बाबा, म्हणजे बापाचा मोठा भाऊ. उंच माणूस, धोतर असं पांढरं की पाहिलं तर डोळे मिटावे. घरात त्यांचाच शब्द. नवरदेवाचा बाप नुसता मान हलवायचा. जेवताना मोठ्या बाबांनी पंगतीवरून नजर फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “रोडवर पट्टे मारता म्हणे तुमी. अन् पंगत पाहा, चालत्या बैलानं मुतल्यावानी.”

सगळे हसले. मीही हसलो, कारण पंगत खरंच तशी होती. बुढी हसली नाही. पाहुणे गेल्यावर म्हणाली, “मले बोल्ले असते तं दोन देल्या असत्या. पण थे मले नाई बोल्ले. थे पोरीले जल्मभर बोलतीन. भाजीत मीठ कमी पडलं की म्हनतीन, तुह्या मावशीची पंगतबी वाकडीच होती.”

“त्यायचा सोभाव हाये तसा.”

“असन. आपल्या पोरीले त्या घरात हसता आलं पाह्यजे. बाकी काही नाई पाह्यजे मले.”

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच. लग्नाची पंगत सुतात बसली पाहिजे.

लग्न शाळेच्या पटांगणातच व्हायचं, गावात दुसरी जागा नाही. कोपऱ्यातली एक गंजी सोडून कापूस उचलला गेला तेव्हा गुरुजी मला बोलवायला आले. जाऊन पाहतो तर काय! कापसाच्या गंजीखाली उन्हानं डांबर पाघळलं होतं आणि त्यानं कापूस धरून ठेवला होता. सगळं पटांगण पांढऱ्या केसाळ जनावरासारखं दिसत होतं. गुरुजी म्हणाले, “हे निस्तरून द्या, खड्डे भरा, आणि पोरांच्या प्रार्थनेसाठी सरळ पट्टे मारून द्या. लग्नाला पटांगण तुमचंच.”

बुढीनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. प्रार्थनेचे पट्टे म्हणजेच पंगतीचे पट्टे. पोरं उभी राहतील, पाहुणे बसतील. रंग ठेकेदाराकडच्या उरलेल्या डब्यांतला.

आधी कापूस काढायचा होता. मी खरवडणी घेऊन बसलो. बुढीनं सरळ पदराची ओटी बांधली आणि डांबरातून कापूस वेचायला लागली. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात वेचणी केलेली बाई, तिची बोटं अशी भराभर चालत होती की जणू डांबरालाच बोंडं लागली आहेत. आमच्या गावचा मिस्त्री डांबर तापवायची भट्टी घेऊन आला. मुसलमान माणूस, ट्रॅक्टरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं दुरुस्त करायचा, माझा जुना दोस्त. तो पाहतच राहिला.

“भाभी, ये कौनसी जमीन हाये? बिना पेरे कपास?”

“ये मिस्त्री, ये. तूबी एक ओळ धर. बिनपाण्याचं पीक हाये.”

“और भाव?”

“भाव तोच, वावरातलाच!”

मिस्त्री हसता हसता भट्टीवर पडणार होता. बुढीची ओटी भरली ती काळ्या कापसानं. घरी नेऊन तिनं चूल पेटवायला वापरला. असा भडकायचा की चहा उकळायच्या आधीच उतू जायचा.

खड्डे भरले. पातळ डांबराचा हात सगळीकडे मारला, वर बारीक चुरी टाकली, धुम्मस ठोकली. पटांगण नव्या तव्यासारखं काळं कुळकुळीत झालं. मग सुतळी काढली. टप्प, टप्प, टप्प, रेघा पडल्या. बुढी एका टोकाला बसून एक डोळा मिटून पाहायची आणि ओरडायची, “तुमचं टोक बोटभर शाळेकडं घ्या! शाळा तिकडं हाये, तुमी देवळाकडं सरकून राह्यले!”

इथं ती गोष्ट झाली. रंगाचा डबा उघडला तर रंग घट्ट आणि मातकट. बुढीनं नाक मुरडलं. “हे काय, चुना लावल्यावानी दिसन. चमकलं पाह्यजे.” तिचा बाप पोळ्याला बैलगाडी रंगवायचा तेव्हा रंगात जवसाचं तेल घालायचा. गाडीची चाकं आरशासारखी चमकायची. घरात जवसाच्या तेलाचा डबा होताच, आमच्याकडे भाकरीसोबत चटणीवर ओतायला असतोच. तिनं तो आणला आणि रंगात उपडा केला.

मी म्हटलं, “लाकडाची गोष्ट येगळी. हे डांबर हाये.”

“लाकूडबी काळंच होतं.”

मी ब्रश बुडवला. आणि पट्टे खरंच चमकले! आम्ही दोघं लांब जाऊन, जवळ येऊन, वाकून, उकिडवं बसून पाहत होतो. असे पट्टे मी सरकारी रोडवरही मारले नव्हते. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. बुढी म्हणाली, ऊन खाऊन वाळतील. लग्नाच्या सकाळी बोट लावलं तर बोट कोरडं. बुढीनं तेच बोट घेऊन माझ्या नाकावर टेकवलं. “पाहा. नाकालेबी नाई लागत.”

लग्न लागलं. वर कापडाचा मांडव होता, पण मे महिन्याची झळ कापडाला कुठं जुमानते! पहिली पंगत वऱ्हाडाची. मोठे बाबा पटांगणाच्या टोकाला येऊन उभे राहिले. पट्ट्यांकडे पाहिलं. एक डोळा मिटला, पुन्हा पाहिलं. आमची बुढी खांबाआडून श्वास धरून पाहत होती.

“सरळ हाये,” मोठे बाबा म्हणाले. “मानलं बुवा.”

बुढीनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की हिरवं निळं झालं.

आमचा हिशेब असा होता की पट्ट्यावर पत्रावळ ठेवायची आणि माणसानं मागं डांबरावर बसायचं. सतरंज्या अंथरायला बुढीनंच मनाई केली होती, पट्टे झाकले तर दिसणार कोणाला? पण हा हिशेब वऱ्हाडाला कोणी सांगितला नाही. सांगायचं काय त्यात, असं आम्हाला वाटलं. आता तुम्हीच विचार करा. नवं कोरं धोतर, खाली काळं डांबर, वाफा मारतं. आणि मधे हा पांढरा, गार, स्वच्छ पट्टा. माणूस कुठं बसेल? मोठ्या बाबांनी धोतर सावरलं आणि बरोबर पट्ट्याच्या मधोमध बसले. त्यांच्यामागं सगळं वऱ्हाड ओळीनं बसलं. तिकडे बायाही बसल्या. सुतात.

बुढीनं माझा हात धरला. “अवो, थे पट्ट्यावर बसले.”

“वाळला हाये ना?”

“वाळला हाये.” असं म्हणून तिनं पायाच्या अंगठ्यानं जवळचा रिकामा पट्टा दाबून पाहिला. दुधावरची साय फाटते तशी वरची साल फाटली आणि अंगठा आत गेला. खाली रंग ताज्या लोण्यासारखा.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तोपर्यंत वरण-भात वाढून झाला होता.

“आता?” मी म्हटलं.

बुढीनं क्षणभर विचार केला आणि वाढप्यांकडे धावली. “उठू देऊ नोका कोनाले! बुंदी फिरवा! वांग्याची भाजी पुन्हा फिरवा! बसल्या बसल्या वाळून जाईन!”

मग जो आग्रह झाला तसा आमच्या पंचक्रोशीत कोणी केला नसेल. मी बुंदीची बादली घेतली, मिस्त्रीनं कढीची. एखाद्यानं नको म्हणून हात आडवा धरला की बुढी तिथं हजर. “असं कसं! आमच्या पोरीचं लगन हाये! घ्या!” नवरदेवाचा बाप घामानं निथळत होता आणि भावाला म्हणत होता, “दादा, लय मानसं पाह्यली, पण असा आग्रह नाई पाह्यला.” मोठ्या बाबांनीही मान डोलावली. तीनदा उठायला गेले, तीनदा बुढीनं बुंदी वाढून खाली बसवलं. शेवटी पोटाला हात लावून म्हणाले, “आता बुंदी नाकातून येईन बाई. उठू द्या.”

आणि उठले. आवाज ऐकला का कधी, गुळाच्या ढेपेवरून कागद काढताना होतो तो? तसाच आवाज ओळीनं. चर्र, चर्र, चर्र. सगळं वऱ्हाड उठलं आणि प्रत्येकाच्या बुडावर आडवा पांढरा पट्टा. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण पटांगणाच्या कोपऱ्यात कोणाची तरी कापसाची शेवटची गंजी राहिली होती. वाऱ्याची झुळूक आली आणि कापसाचे पुंजके उडून ओल्या पट्ट्यांवर जाऊन बसले. प्रत्येकाला शेपूट फुटलं.

मोठ्या बाबांना आधी भावाचं दिसलं. “अबे,” ते हसायला लागले, “तुह्या मांगं शेपूट हाये!”

भावानं त्यांच्या मागं पाहिलं. “दादा, तुमालेबी हाये.”

“मले?” मोठे बाबा वळले, दिसेना. आणखी वळले. शेपटीमागं कुत्रं फिरतं तसे जागच्या जागी फिरायला लागले, आणि हाताला लागलं तेव्हा थांबले. बोटं वर धरली. पांढरी. त्यांचं हसू गेलं. त्यांचं गेलं तसं सगळ्यांचं गेलं. बॅंडवाल्याचा भोंगा तोंडाजवळ तसाच राहिला. मांडवात पोरगी नवरदेवाशेजारी बसली होती, तिचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्यावर लग्न राहिलं नव्हतं.

मोठे बाबा आमच्याकडे आले. “काय केलं हे?”

बुढी पुढं झाली. ती थरथरत होती. मला वाटलं, भीतीनं. नंतर कळलं, ती हसू दाबत होती. तिच्या अंगावर नवी साडी होती, पोरीच्या लग्नासाठी मी घेतलेली, जरीच्या काठाची, तशी साडी तिनं आयुष्यात दुसरी नेसली नव्हती. ती चालत चालत पट्ट्यापाशी गेली, ओल्या पट्ट्यावर फतकल मारून बसली, डावीकडे उजवीकडे चांगली घासली, उठली आणि मोठ्या बाबांकडे पाठ करून उभी राहिली.

“घ्या इवाईबुवा,” ती म्हणाली. “पंगत आता एकच झाली. पोरीकडचे अन् पोराकडचे, समदे एका पट्ट्यातले.”

कोणीतरी फिसकन हसलं. मिस्त्री कढीची बादली ठेवून “बाजू सरको” म्हणत पट्ट्यावर बसला. मग मी बसलो. मग आमचं गाव. म्हाताऱ्या, पाणी वाढणाऱ्या बाया, बॅंडवाले, गुरुजीसुद्धा पॅंट वर ओढून बसले. बसायचे आणि उठायचे. चर्र, चर्र! एकमेकांना वळवून दाखवायचे. ज्याचा पट्टा पुसट आला तो पुन्हा बसायचा. मी एवढी माणसं एकत्र हसताना त्याआधी कधी पाहिली होती ते आठवत नाही. हसून हसून एका म्हातारीची कवळी बुंदीत पडली. बॅंडवाल्यांना फुंकताच येईना, भोंग्यातून नुसतं फुर्र फुर्र यायचं.

मोठे बाबा मात्र हसले नाहीत. रागावलेही नाहीत. सगळं पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “चाला. उशीर होते.” पोरीला घेऊन वऱ्हाड जीपमध्ये बसलं. सीट खराब नको म्हणून मोठे बाबा पोत्यावर बसले. जीप निघाली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

तोच काटा घेऊन बुढी संध्याकाळी भिंतीला हात टेकून उभी होती. हसायची, मग विचारायची. पट्टा निघत नाही हे कळल्यावर तिनं चिंधी माझ्या हातातून घेतली.

“राहू द्या. पोरगी पैल्यांदा घरी आली की तिले दाखवतो अन् इचारतो. थे हसली तं समजायचं तटी समदं बरं हाये.”

मग म्हणाली, “थकलो बापा आज. जरा पडतो.” आणि अंगणातल्या बाजेवर पडली.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. बाया म्हणाल्या, हसून हसून गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय. मला दोन्ही सारखंच.

अंगण भरलं. कोणी म्हणालं, पोरीच्या सासरी फोन करा, तिथल्या सरपंचाकडे फोन आहे. मी म्हटलं, कोणी फोन करायचा नाही. मी जातो. बुढीचं तोंड पाहिल्याशिवाय पोरीला राहू द्यायचं नव्हतं, पण ही बातमी दुसऱ्याच्या तोंडून तिच्या कानावर घालायची नव्हती. दुसरंही एक होतं. बुढीनं विचारलेलं मला जाऊन पाहायचं होतं. तिथं पोरीला बोलत असतील तर पेटीसकट आणीन, असं ठरवलं. बायांच्या हवाली बुढीला केलं. मिस्त्रीनं फटफटी काढली.

फुलसावंगीकडचा रोड. त्या रोडवरचे खड्डे मीच भरलेले, आणि फटफटी त्यातूनच उडत होती. मिस्त्री एकदाच बोलला. “भाऊ, पकडके बैठो.” माझे हात कशाला धरत नव्हते.

त्यांच्या घराजवळ पोचलो तर बाहेरपर्यंत गलका. वाटलं, भांडण. दारात गेलो. अंगणात सगळे बसले होते आणि मधे आमची पोरगी, नव्या हिरव्या साडीत, पदर खोचून, एका जागी गोल गोल फिरत होती. मोठ्या बाबांची नक्कल करत होती. त्यांच्या समोर! आणि मोठे बाबा बाजेवर बसून, डोळ्यांतून पाणी गाळत, मांडीवर थापा मारत हसत होते.

“असा नोतो फिरलो मी!”

“अशेच फिरले मोठे बाबा, उलट एक चक्कर कमीच मारली मी!”

मला पाहिलं आणि मोठे बाबा ओरडले, “आले! पट्टेवाले आले! या इवाई, आमच्या घरीबी मारा दोन पट्टे!” सगळं अंगण हसलं. मला बाजेवर ओढून बसवलं. सांगायला लागले, जीपमध्ये ते पोत्याला चिकटले ते घरी आल्यावर पोत्यासकटच उतरले. वाटेत चहाला थांबले तर हॉटेलवाल्यानं विचारलं, कोणत्या पार्टीची माणसं हो तुम्ही, सगळ्यांची निशाणी एक? “पोरीसमोर हसावं की नाई समजेना मले तटी. नवी सून, काय म्हनन! जीपमधे बसलो अन् मंग जो सुटलो ते रातभर. बुढी नाई आनली? तिले आनाचं होतं. तिचा हात धराचा हाये मले.”

“घरी हाये,” मी म्हटलं.

पोरीनं चहा आणून दिला. हसता हसता अर्धा बशीत सांडला होता. “मावसाजी, माह्या सासूबाईच्या साडीलेबी पट्टा हाये, त्यायनं घडी करून ठेवली, धुवाची नाई म्हन्ते! मावशीले सांगजा बरं.”

“सांगतो.”

मिस्त्री दाराबाहेर फटफटीपाशी उकिडवा बसला होता, तोंड तिकडे करून. मी चहा प्यायलो. गरम होता, फुंकत फुंकत प्यायलो. पोरीनं आणखी एकदा बुंदीचा आग्रह करून दाखवला, मावशीच्या आवाजात, “असं कसं! घ्या!” आणि स्वतःच हसत खाली बसली. सगळे हसले. मीही हसलो, खोटं नाही सांगत. तिचं हसू आपोआप ओसरलं, तिनं पदरानं डोळे पुसले. मग मी मोठ्या बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवर थापा मारणारा त्यांचा हात थांबला.

मी कप खाली ठेवला.

“पोरी,” म्हटलं, “चप्पल घाल. मावशीपाशी जायाचं हाये.”